पौषातलं सूतक

यांना जाऊन दोन महिने होत आले. भेटायला येणारे सगळे एकच सांगतात. किती शांत माणूस होता, म्हणतात, कधी कुणाला उलट बोलला नाही. मी मान हलवते, चहा ठेवते. ते गेले की मला राग येतो. उलट बोलण्याचा प्रसंग यांच्यावर एकदा आला होता, आणि हे बोलले नव्हते.

आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. सहाव्या वर्षापासून ती जिम्नॅस्टिक करत होती, आणि ते सगळं त्यांच्या जिवावर. मी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. हे बँकेत जायच्या आधी रोज पहाटे तिला स्कूटरवर पुढे उभी करून स्टेडियमच्या हॉलवर नेत. थंडीत बनारसला समोरचा माणूस दिसत नाही असं धुकं असतं, तेव्हा ती हॉर्न वाजवायची आणि हे गाडी चालवायचे. पडलेल्या कुठल्याशा घराची सागवानी कडी आणून, रंधून, गोधडीने मढवून त्यांनी गच्चीवर तिच्यासाठी बीम केला होता. चार इंच रुंदीची ती पट्टी, आणि तिच्यावरून चालणारी आमची पोर. हाताला लावायची पूड महाग पडते म्हणून शाळेतले खडू खलबत्त्यात कुटत बसायचे. एवढं करणारा माणूस होता, म्हणूनच राग जास्त.

आमचं घर राजा घाटाच्या वरच्या गल्लीत. खाली आम्ही, वर यांचे मोठे भाऊ. भाऊजी याज्ञिकी करत. दक्षिणेतून येणारे यजमान, अनुष्ठानं, श्राद्धं. मान मोठा होता. मुलीचा खेळ त्यांना आवडत नव्हता. तसं ते तोंडाने म्हणत नसत. तिचा स्पर्धेचा पोशाख दोरीवर वाळत असला की दुसऱ्या जिन्याने जात, एवढंच.

त्या वर्षी लखनौला राज्याच्या संघाची निवड होती. लहान गटात खेळायचं तिचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय उलटणार, आणि मोठ्या गटात तिच्या दुप्पट ताकदीच्या मुली. हॉलवर तिला शिकवणारे सर म्हणाले होते, बीमवर हिला तोड नाही, फक्त पडू नये. यांनी रजा घेतली होती. दुपारची गाडी होती. पिशवी भरून दारात ठेवली होती, आणि भाऊजी जिना उतरून खाली आले.

"आत्ताच निरोप आला," ते म्हणाले. "वाईचे आपले भाऊबंद वारले. दहा दिवस सूतक."

वाईच्या त्या गृहस्थांना आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. सात पिढ्यांच्या आतले होते एवढंच. पण सूतक लागतं ते कळल्यापासून. ज्याच्या कानावर आलं नाही त्याला नाही. ही गोष्ट भाऊजींइतकी कुणाला ठाऊक नव्हती. आदल्याच वर्षी एका बड्या यजमानाचं अनुष्ठान चालू असताना चुलत सासरे असाच निरोप घेऊन जिन्यात आले होते. त्यांचा चेहरा बघूनच भाऊजींनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठमोठ्याने मंत्र म्हणायला लागले. पूर्णाहुती होऊन दक्षिणा मिळाल्यावर खाली आले आणि म्हणाले, हं, आता सांगा, कोण गेलं. घरात तो किस्सा कौतुकाने सांगत. मीही हसले होते.

आता पौष होता. भाऊजींच्या हातात कुठलंही मोठं कार्य नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊजी, संध्याकाळी सांगितलं असतंत तर चाललं नसतं का?"

"कळलेलं लपवून ठेवू?"

"गेल्या वर्षी कानांत बोटं घातली होतीत."

"ते देवाचं कार्य होतं, वहिनी. ह्या उड्या आहेत." ते अगदी शांतपणे बोलत होते. मग मुलीसमोर उकिडवे बसले. तिच्याशी ते नेहमी प्रेमाने बोलत. "बाळ, सुतकात आपण कुणाला शिवायचं नसतं. आणि तिथे तर तो मास्तर कमरेला धरणार. हो की नाही?"

मुलगी स्वतःच्या कमरेकडे बघू लागली.

मी यांच्याकडे पाहिलं. ते जोडे घालून उभे होते. मला खात्री होती की ते आता काहीतरी म्हणतील. निदान, दादा, आम्ही निघतो, एवढं तरी. ते खाली बसले आणि जोड्यांचे बंद सोडू लागले.

"दादा म्हणतायत तर... पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले.

पुढचं वर्ष नाही हे त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं. मी पिशवी उचलली, मुलीचा हात धरला आणि बाहेर पडले.

डब्यात सर होते, हॉलवरच्या आणखी काही मुली होत्या. एरवी ही त्यांच्यात लोळायची. त्या दिवशी खिडकीला अंग चोरून बसली. कुणी पुरी पुढे केली तर म्हणाली, "वहीं रख दो, मैं ले लूँगी." मी हळू आवाजात सांगत राहिले, की असं काही नसतं, जुन्या ग्रंथांतसुद्धा किती सवलती आहेत, कुणाकुणाला सूतक लागतच नाही. मी ग्रंथ सांगत होते. अकरा वर्षांच्या मुलीला ग्रंथ नको होते. तिला काकांच्या तोडीचं कुणीतरी हवं होतं, आणि ते घरी बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेआधी सराव होता. बीमवर मागे कमान टाकून हातांवर यायचं आणि पुन्हा पायांवर उभं राहायचं. पहिल्यांदा करताना सर नेहमी तिच्या पाठीखाली तळवा धरत. त्यांनी हात पुढे केला. ती कमान टाकायला निघाली होती. हात दिसताच तिने मध्येच अंग आक्रसून घेतलं. मी गॅलरीतून बघत होते. ती मॅटवर नाही, मॅटच्या कडेला पडली. मनगट मोडलं.

हाडाच्या डॉक्टरांच्या दारात सर माझ्याजवळ आले. साधा माणूस, गाझीपूरकडचा; स्वतःच्या डब्यातली केळी मुलींना वाटायचा. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बहनजी," ते म्हणाले, "इसको किसने सिखाया कि मुझसे बचना है? मैंने कभी कुछ ग़लत किया?"

मी हिंदीत सुतकाचं सांगायला लागले. वाईचे भाऊबंद, सात पिढ्या, दहा दिवस. माझंच मला ऐकवेना. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास बसलेला नव्हता. त्यानंतर ते कुठल्याच मुलीला हात लावण्याआधी इकडेतिकडे बघायचे, असं दुसऱ्या एका आईने मला सांगितलं. एका भल्या माणसाला आमच्या घराने हे दिलं.

परत आलो तर वरून विचारणा झाली, आंघोळ करूनच आत आलात ना. हे मुलीच्या प्लॅस्टरकडे बघून रडले. खरोखर रडले. मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही.

प्लॅस्टर निघाल्यानंतरच्या पहाटे मला स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. यांनी मफलर बांधला होता, सीट पुसली होती. मुलगी दारापर्यंत आली.

"बाबा, मी नाही येत," ती म्हणाली.

"का गं? हात बरा झालाय की."

"सर धरतील तेव्हा मला काकांचं आठवेल."

त्यांनी गाडी बंद केली नाही. गल्लीभर धूर झाला. मग मला म्हणाले, "तू समजाव ना तिला. तू शिकलेली आहेस."

"मी गाडीत वाटभर समजावलं," मी म्हटलं. "आता तुम्ही वर जा आणि तिच्यासमोर दादांना सांगा, की ते चुकले. मग ती येईल."

त्यांनी एकदा जिन्याकडे बघितलं. मग बँकेची वेळ होते म्हणाले, आणि स्कूटर घेऊन एकटेच गेले.