गॅपवाली काकू

तिला सगळे गॅपवाली काकू म्हणायचे. खरं नाव नवऱ्यालाही आठवावं लागलं असतं. नवरा गाड्यांचा मिस्त्री. हौशी पोरं इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या, ट्यून केलेल्या गाड्या त्याच्याकडे आणायची. अशा इंजिनात दाब इतका, की ठिणगी वाऱ्यातल्या दिव्यासारखी विझते. म्हणून ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा गॅप कमी ठेवायचा. प्लगच्या टोकाला वाकडा आकडा असतो, त्याच्यासमोर मधला खिळा. त्या दोघांमधली जागा म्हणजे गॅप. तो केसभर चुकला की गाडी आचके देणार.

आता मिस्त्रीची बोटं म्हणजे जाडजूड मुळे! करायला जायचा एक नि व्हायचं भलतंच. म्हणून प्लग घरी यायचे. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फडकं पसरून काकू बसायची, आकडा हळूच दाबायची, मापाची पातळ पत्ती मधून सरकवून बघायची. म्हणायची, पत्ती जावी, पण माहेराहून निघालेल्या पोरीसारखी अडखळत जावी.

मग तिचे हात कापायला लागले. आधी कपबशी वाजायची, मग बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. काकूनं ऐकून घेतलं आणि घरी येऊन आधी पत्ती हातात घेतली. भाजी काय, कुणीही चिरेल. हे काम तेवढं हातचं जाऊ नये, एवढाच तिचा जीव अडकलेला. टेबलाला कोपर रोवून, एका हातानं दुसरा दाबून धरून ती गॅप लावायची. सकाळी मिस्त्री प्लगची पेटी घेऊन जायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा, इंजिन कसं लोण्यासारखं चाललं. काकूला मूठभर मांस चढायचं. शेजारणीला सांगायची, हात कापतो हो, पण पत्ती लागली की गप बसतो, लबाड आहे.

एकदा तिनं आकडा जरासा दाबला, तर तो कट्कन तुटून तिच्या तळहातावर पडला.

ती बघतच राहिली. नवा आकडा असा तुटत नाही. तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की मगच तुटते, हे काय कुणी शिकवायला लागतं? तिनं पेटीतले बाकीचे प्लग दिव्याखाली धरले. घासूनपुसून लख्ख केलेले, पण प्रत्येकाच्या वाकणात बारीक बारीक सुरकुत्या. तेच ते प्लग. रोज ती घरी आकडा दाबायची, रोज मिस्त्री तिकडे तो पुन्हा उघडून आणायचा.

मिस्त्री आला, तिच्या हातातला तुकडा पाहून म्हणाला, "माल हलका आलाय."

"माल हलका नाही. कधीपासून चाललंय हे?"

तो हात धुवायला गेला तो कितीतरी वेळ धुतच राहिला. मग तिकडूनच म्हणाला, एक गाडी आचके देत परत आली होती, तेव्हापासून.

"मग गाड्यांचे कोण लावतं?"

"मीच."

"त्या बोटांनी?"

"शिकलो."

रडली नाही काकू. पण त्या एका शब्दानं खचली. तिनं फडकं घडी करून ठेवून दिलं.

मिस्त्रीला काही चैन पडेना. एक दिवस तिला बळंच गॅरेजात नेलं. म्हणाला, हात नको, तुझा कान हवाय. एका ट्यून केलेल्या गाडीत शेजारी बसवलं आणि चढावर गाडी दामटली. काकूनं डोळे मिटले. डब्यात सुके वाटाणे खुळखुळावेत, तसा आवाज आला.

"ठोकतंय," ती म्हणाली. "पाय काढा, पिस्टन जाईल."

त्यानं पाय काढला. "अगं, मला ऐकूच आलं नाही."

गॅरेजात प्लग काढून बघितला, तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके. इंजिन ठोकत होतं, खरंच. मिस्त्री चार माणसांत म्हणाला, ही नसती तर आज इंजिन गेलं असतं. काकू त्याच्या तोंडाकडे बघत होती. लोण्यासारखं चाललं म्हणताना जसं असायचं, तसंच ते होतं, प्रेमळ, जरासं हसरं.

पुढेही तो तिला नेत राहिला. ती जायची, ऐकायची, सांगायची. त्यानं शाबासकी दिली की "हं" म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची. तुम्हाला आधीच ऐकू आलं होतं का, असं तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता.