काचेची ट्रॉली परत फिरली

आमच्या गल्लीतली जमिला लई तापट आहे, असं सगळा गाव सांगतो. मी म्हणतो, तापट आहे म्हणून बरं. तिचा हा किस्सा सांगताना मला आजही मजा येते, अन् सांगता सांगता माझंही टाळकं तापतं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी जन्मलेली ही बाई. चितेगावच्या बाजूला ट्यूबलाईटचा कारखाना निघाला, तेव्हा आमच्या गावातून पहिली तीच कामाला लागली. तिथं काचेची नळी धुवायची, आतून पांढऱ्या पावडरीचा हात द्यायचा, भट्टीत भाजायची, दोन्ही टोकांना तारा बसवायच्या, आतली हवा ओढून घ्यायची अन् पाऱ्याचा थेंब सोडून तोंड बंद करायचं. जमिला शेवटच्या टेबलावर, नळी पेटवून बघायला. नीट पेटली नाय की डब्यात फोडायची. कारखान्यात हातमोजे, नाकाला फडकं, अन् धूळ बाधू नये म्हणून वर गुळाचा खडा मिळायचा.

अन् ती फुटकी काच जायची कुठं? आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, जुन्या दगडखाणीत! ठेकेदाराची ट्रॉली चालवायचा जमिलाचाच नवरा, हबीब.

एकदा जमिला शेजारच्या यमुनाबाईंना जवारी पाखडू लागायला गेली. कणगीत हात घातला तर फडक्याची पुरचुंडी लागली.

"हे काय, मावशी?"

"पारा गं. बाजारातून पाऱ्याच्या टिकड्या आणून टाकतो ना आपण, किडे होऊ नये म्हणून? तुमच्या कारखान्याचा तर फुकटचा! खाणीतून झाडून आणला. बघ, एक किडा नाय."

पुरचुंडी फाटली होती. पांढरी पावडर दाण्यादाण्याला लागली होती.

"कधीपासून खायल्या ही जवारी?"

"संक्रांतीपासून."

जमिलानं कणगी आडवी केली, सगळी जवारी मागच्या खड्ड्यात लोटली अन् वर माती ओढली. यमुनाबाई किंचाळल्या, "अगं मेले, वर्षाचं खाणं गेलं ना आमचं!"

जमिला तिथून निघाली ती थेट खाणीवर. हबीब ट्रॉली मागं घेत होता.

"फिरव ट्रॉली."

"पागल झाली का? ठेकेदार काढून टाकील मला."

"टाकू दे. मावशी हे जहर जवारीत घालून खायली, अन् तू इथं ओतायला? फिरव, नायतर चाकापुढं आडवी होते."

हबीबनं फिरवली. आरडाओरडा ऐकून आलेला मी सायकल दामटत मागं. असला तमाशा कोण सोडतो!

कारखान्याचं फाटक उघडंच होतं. मॅनेजर साहेबांच्या खोलीपुढं गुलाबाची बाग होती. जमिला म्हणाली, "इथं." हबीबनं कळ ओढली अन् खळ्ळकन सगळी काच गुलाबांवर!

अनंतराव साहेब धावत बाहेर आले. दोन कामगार काच उचलायला वाकले, तर साहेब ओरडले, "हात लावू नका! मागं सरा! पारा आहे त्यात!"

"असं का साहेब?" जमिला म्हणाली. "इथं पारा, अन् आमच्या विहिरीवर काय खडीसाखर?"

साहेब म्हणाले, "बाई, आवाज कमी करा. मी ठेकेदाराशी बोलतो."

"ठेकेदार नंतर. काच तुमची."

हबीबचं काम त्याच दिवशी गेलं. जमिलालाही काढणार होते, पण शेवटच्या टेबलावरच्या सगळ्या बाया फाटकाबाहेर जाऊन बसल्या, तेव्हा कंपनी नरमली. काच झाकणाच्या पिंपात भरून बाहेर जाऊ लागली. खाण उपसली, तीही अर्धीच. उरलेली काच मुरमात रुतलीय म्हणे! विहिरीत काय उतरलं, ते आम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही. आम्ही तिचं पाणी सोडलं. अन् वर लोक म्हणतात, मिटलं की सगळं. काय मिटलं, कपाळ?

यमुनाबाई महिनाभर जमिलाशी बोलल्या नाहीत. मग एके सकाळी जमिलानं आपल्या घरातलं जवारीचं अर्धं पोतं त्यांच्या ओट्यावर आणून टेकवलं.

यमुनाबाईंनी दाणे ओंजळीत घेतले, उन्हात धरले. "टिकड्या टाकल्यात का गं?"

"नाय मावशी. किडे निघाले तर निवडून खा."