चौथ्या चाकाचा ब्रेक

कम्युनिटीतल्या मित्रांनो, आज दुपारी कोळवणच्या रस्त्यावर मी दोन थोबाडीत खाल्ल्या आणि तासाभरात पौडला जाऊन एक दिलीही. गाल अजून ठणकतोय.

वळणावर समोरून सायकलवर एक काका आले. मी ब्रेक दाबला, तर माझी बारा वर्षं जुनी गाडी उजवीकडे ओढत थेट त्यांच्या अंगावर गेली. त्यांनी भाताच्या खाचरात उडी मारली म्हणून वाचले. सायकलचा माझ्या चाकाखाली चुराडा झाला.

चिखलाने माखलेल्या काकांनी दार उघडलं आणि गचांडी धरून मला बाहेर खेचलं. "पोरं शाळंला जात्यात ह्या रस्त्यानं! तुज्या बापाचा हाय व्हय?" दोन ठेवून दिल्या. मग धोंडा उचलून पुढची काच फोडली.

तो सगळा राग घेऊन मी पौडला गॅरेजवर गेलो. मेकॅनिकची कॉलर धरून त्याला एक लगावली. त्याने हात उचलला नाही.

"सायेब, ब्रेकचं सामान अकरा हजार सांगितलं व्हतं. तुमीच म्हणलात, परवडत न्हाई, ब्रेक ऑइल गळतंय त्या डाव्या चाकाचा ब्रेक बंद करून टाक. मी नगं म्हणत व्हतो."

खरं होतं. त्याच आठवड्यात मी बारा हजारांची म्युझिक सिस्टीम बसवली होती. काका मला मारत होते तेव्हाही तिच्यावर गाणं चालू होतं.

सायकल गेली, काच गेली. सिस्टीमवर ओरखडाही नाही. बोला, हवीये का कुणाला?