आडनावासकट फोटो

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा माफी असावी. पण फोटोवाल्या ताईबद्दल लिहायचंच आहे.

ताई कोणाला "हसा" म्हणायची नाही. कॅमेरा वर करण्याआधी पूर्ण नाव विचारायची आणि ते फोटोखाली छापायची. "पाटीवर मालकाचं नाव असतेच मावशी. फोटोखाली काम करणाऱ्याचं पाहिजे." इकडे परदेशात, आपल्या लोकांच्या दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरचा शिंपी, कुलपं दुरुस्त करणारा, भाजीचे खोके उतरवणारे, सगळ्यांचे फोटो तिने असेच काढले. ती नागपूरची, आमच्यातलीच. दिसली की भर रस्त्यात मोठ्याने "जय भीम मावशी" म्हणायची. मी खाली बघून हळूच उत्तर द्यायचे.

मी तिथल्या एका मराठी मिठाईच्या दुकानात, मागच्या बाजूला, पुरणपोळ्या करते. दुकानाच्या काकांनी वेबसाइटसाठी फोटो काढायला ताईला ॲडव्हान्स दिला. त्या दिवशी मी मुलाने घेतलेली पैठणी नेसून गेले. ताई म्हणाली, "कोणाचं लग्न आहे? जा, एप्रन घाला." मग ती सकाळभर कोपऱ्यात उभी राहिली. मी तिला विसरून गेले, तेव्हा तिने फोटो काढला. तव्यावर पोळी टाकतेय, कपाळाला पीठ, तोंड घट्ट मिटलेलं.

काकांना फोटो फार आवडला. मग त्यांनी खालचं नाव वाचलं.

"कौसल्या मावशी एवढंच ठेव ना. गजभिये कशाला? लोक गणपतीला नैवेद्याच्या पोळ्या नेतात आपल्याकडून."

"नेतात ना? मग कोणाच्या हातच्या नेतात तेही कळू द्या."

"मी तसलं काही मानत नाही गं. पण कस्टमर..."

"तुम्ही मानत नाही, तर मग खोडायचं कशाला?"

काका माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्हीच सांगा हिला. तुम्हाला चालेल ना?"

आजवर त्यांच्या प्रत्येक गोष्टीला मी हो म्हटलं होतं. मी हात एप्रनला पुसले. "नाव पूर्ण राहू द्या." आवाज इतका बारीक निघाला की काकांनी "काय?" विचारलं. मग मी तेच मोठ्याने म्हणाले.

काकांनी ॲडव्हान्स परत मागितला. ताईने तो कॅमेऱ्याच्या दुरुस्तीत घातला होता. "हप्त्याने देते. फोटो मात्र तुम्हाला नाही." मला त्यांनी काढलं नाही, गणपती तोंडावर आले होते. मीही काम सोडलं नाही. मी का जावं?

शिंप्याने तो फोटो आपल्या दुकानाच्या काचेत लावला, आमच्या दारासमोरच. नाव मराठीत आणि इंग्रजीत, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं. एक बाई तो बघून पोळ्या न घेता परत गेल्या. बाकीचे अजून नेतात.

दर महिन्याला ताई पुढच्या दाराने यायची, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहायची आणि पाळी आली की काउंटरवर नोटा ठेवायची. "मावशींच्या आडनावाचा हप्ता."

"राहू दे आता, बास झालं," काका एकदा कानकोंडे होऊन म्हणाले.

"नाही काका. उद्या म्हणाल फोटो माझा."

शेवटच्या हप्त्याला ती आली तेव्हा तिची गाडी सामानाने भरलेली होती. तिला दुसऱ्या गावी, ॲन आर्बरला काम मिळालं होतं. मी पोळपाट सोडून बाहेर आले. शनिवारची गर्दी होती. ताईने नोटा ठेवल्या आणि सगळ्यांवरून माझ्याकडे बघून म्हणाली, "जय भीम मावशी."

"जय भीम," मी तिच्याइतक्याच मोठ्याने म्हणाले. रांगेतल्या माना वळल्या. मी खाली बघितलं नाही.

काका नोटा मोजत होते. पैसे पूर्ण फिटले.