कुंकू न लागलेलं बॉनेट

नोकरीत मरणं बरीच पाहिली, बरीच विसरलोही. पण एका पिकअपचं पांढरंशुभ्र बॉनेट अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. इचलकरंजी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दसऱ्याला तीनेक आठवडे असताना कबनूरच्या रस्त्यालगत चरीत एक यंत्रमाग कामगार मृतावस्थेत सापडला. पाळी संपवून सकाळी सायकलवरून घरी निघाला होता. डोक्याला मार, सायकल वाकडी, साक्षीदार कोणी नाही. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. पिऊन पडला असेल, असं जो तो बोलू लागला. पोटात दारू होती का, हे सांगणारा व्हिसेराचा अहवाल यायला महिने लागतात, तोवर लोकांची तोंडं कोण धरणार?

त्याची बायको रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायची.

"सायेब, आमचं मालक पीत न्हवतं. कुणीतरी उडवलंय त्येन्नी. बाप पिऊन मेला, असं पोरांनी जन्मभर ऐकायचं व्हय?"

मग खबर मिळाली. टेम्पो स्टँडवरच्या एकाने सांगितलं, त्या दिवसापासून एक पिकअप आठवडाभर स्टँडवर दिसली नव्हती. मी स्वतः गेलो. चालक पस्तिशीचा, साधा, संसारी माणूस. "इंजनाचं काम काढलंतं सायेब," म्हणाला. मी गाडीसमोर उभा राहून बॉनेट पाहिलं. चकचकीत होतं. सोडून दिलं. इतका मूर्खपणा मी नोकरीत क्वचितच केला असेल.

खंडेनवमीला ठाण्यातली शस्त्रपूजा आटोपून राउंडला निघालो. जीप चालवणारे हवालदार घरच्यांपेक्षा जीपला जास्त जपायचे. दर आठवड्याला बॉनेटच्या बिजागऱ्यांना तेल, खटक्याला ग्रीस, खडी लागून रंग उडाला तर गंज धरायच्या आत त्यावर रंगाचा हात. स्टँडवर गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. प्रत्येक बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. हवालदारांनी जीप थांबवली.

"साहेब, त्या पिकअपवाल्यानं चाकांना कुंकू लावलंय, स्टेअरिंगला लावलंय. बॉनेट तेवढं कोरं ठेवलंय बघा."

मी पुन्हा समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा हवालदार माझ्यावरच चिडले. "समोरनं काय दिसतंय? हिकडं बाजूला या की."

बाजूने, तिरप्या उन्हात पाहिलं तर पत्र्यावर उजेड लहरत होता. बॉनेटच्या डाव्या फटीत नख जात नव्हतं, उजवीत बोट जात होतं. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. सगळीकडे चिकटलं, एका तळहाताएवढ्या जागी घसरून पडलं. खाली पोचा लपवायला भरलेली पुट्टी होती.

"इंजिनाच्या कामाला बॉनेटवर पुट्टी भरतात का रे?" मी चालकाला विचारलं.

ठाण्यात आणून दोन तास विचारपूस केली. अंगाला हात लावला नाही. तो इंजिनाचंच घोकत राहिला. शेवटी विचारलं, "कुंकू का नाही लावलंस?"

तो ओंजळीत तोंड घालून रडला. "त्येचं डोस्कं तितंच आपटलंतं सायेब. हात उचलंना माझा."

थोड्या वेळाने म्हणाला, "मी खाली उतरलोतो. पाणी मागत हुता त्यो. भ्यालो आन् पळालो."

पत्रा ठोकणाऱ्या गॅरेजवाल्याचा जबाब आणि सायकलच्या मडगार्डला लागलेला पांढरा रंग यांनी पुरावा जुळला.

दुसऱ्या दिवशी बाकावर तिच्या शेजारी बसून मी सांगितलं, "ताई, गाडी सापडली. ते पिऊन पडले नव्हते."

तिने डोळ्याला पदर लावला. मग विचारलं, "लगीच गेलं का ओ? का तळमळत हुतं?"

"लगेच गेले," मी म्हणालो. मला तिची दया आली होती. दुसरं काही सुचलंही नाही.

कोर्टात आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न विचारता सगळं सांगितलं, पाण्याचंसुद्धा. ती मागच्या बाकावर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते माझ्याकडे. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "सायेब, तुमी तरी खरं सांगायचं हुतं."

या गुन्ह्याने मला पत्रा कसा पाहावा ते शिकवलं, हे तरुण अधिकाऱ्यांना मी कौतुकाने सांगत आलो. तिचं ते वाक्य मात्र आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बाकावर बसून मीही पुट्टीच भरली होती.