जागेवर उभी राहिलेली सोंड

सखूने तव्यावर पहिली तांदळाची भाकरी टाकली होती. सून सुनयना दारामागे केस विंचरत होती. सातवा महिना लागल्यापासून सासूने तिला चुलीपुढे बसूच दिलं नव्हतं. तेवढ्यात कडी वाजली. बाहेर मिठागराचा मुकादम, गोटीराम.

"सखूबाय, बेगीन चल. आभाल बग. रास आज झाकली नाय तं सगला मीठ पान्यात."

"भाकरी तं खाऊ दे! भूत लागलाय का मागं?"

"सूनबाय आनील दुपारच्याला. तिला काय पालखीत बसवलीस?"

सखूला ते रुचलं नाही. सुनयनाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्याला दीड वर्ष झालं. मुलगा जोतीराम कंटेनर यार्डात पाळीला जाताना रोज बजावायचा, "आये, हिला जप."

पण सुनयनाच म्हणाली, "येते हो आई. बसून बसून पाय सुजलेत माझे."

सखू पंधराव्या वर्षी जासईत नांदायला आली आणि लगेच मिठात उतरली. त्याला आता पस्तीस वर्षं होत आली. टाचेच्या भेगांत मीठ जाऊन जाऊन कातडी अशी झाली होती की काटा मोडावा. नवऱ्याचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आगरावर हजर. रडायचं ते तिथेच, फावडं ओढता ओढता.

दुपारी वारा एकाएकी पडला. मे महिन्याची तापलेली आगरं खालून भाजत होती आणि वर खाडीकडून ढगांवर ढग चढत होते. रास पेंढ्याने अर्धी झाकून झाली असेल, तोच सखूचं लक्ष वर गेलं. ढगाचं काळं बूड जात्यासारखं गरगर फिरत होतं. त्यातून शेपटासारखं काहीतरी खाली लोंबलं, वर गेलं, पुन्हा उतरलं ते थेट खाडीला टेकलं.

"सोंड!" कोणीतरी ओरडलं.

"थुका रे तीनदा, जाईल निंगून," गोटीराम म्हणाला. चैतात आगरावर धुळीचा भोवरा उठला की सगळे तेच करत. तीनदा थुंकायचं, पाय रोवायचे, तोंडावर पदर घ्यायचा. सखूही थुंकली. सोंड हलतही नव्हती. ती इकडे येत नाही असं समजून बायका हसल्या, पुन्हा पेंढा उचलायला लागल्या.

सखूला मात्र बापाचं बोलणं आठवलं. लहानपणी होडीतून त्याने अशीच एक सोंड दाखवली होती. डावी-उजवीकडं सरकली तं जाते, जागंवरच ऱ्हावून जाड झाली तं आपल्यावरच येते.

तिने विजेच्या खांबाशी नजर धरली. सोंड खांबाच्या डाव्या अंगाला होती. एक, दोन, तीन... दहा आकडे झाले. तिथेच. फक्त खांबाहून जाड झालेली.

"पला! पाटात पला! आपल्यावर येते ती!"

"खुली झालीस? शेडात चला सगली," गोटीराम ओरडला आणि पत्र्याच्या शेडकडे धावला. निम्मी माणसं त्याच्यामागे गेली.

बाकीच्यांबरोबर सखूही पाटाकडे वळली, आणि तिला बांधावर सुनयना दिसली. डोक्यावर भाकरीची टोपली. ती सोंडेकडे तोंड करून उभी राहिली होती आणि थुंकत होती. सासूनेच शिकवलेलं.

"सुनयना! खाली उतर! पाटात!"

हाक वाऱ्याने खाऊन टाकली. सखू धावली. बांध दोन हात रुंद, खाली चिखल. भरलेला कंटेनर दगडावरून फरफटत न्यावा तसा आवाज मागून चढत होता. टोपली सुनयनाच्या डोक्यावरून उडाली. सखूने तिला कमरेला धरलं आणि दोघी खाऱ्या पाण्याच्या पाटात कोसळल्या.

"कुशीवर हो! पोटावर नको!"

सुनेच्या पाठीशी अंग लावून, दोन्ही कोपरं चिखलात खुपसून सखू तिच्यावर आडवी झाली. भार पोटावर पडू नये म्हणून कोपरांवर तोललेली. मिठाचे खडे पाठीत घुसत होते. मग कोणीतरी केस धरून वर ओढावं तशी ती एकदा उचलली गेली, आणि पुन्हा खाली आपटली. सुनयनावर.

आवाज पुढे निघून गेला.

शेडला छप्पर उरलं नव्हतं. गोटीराम फुटलेलं कपाळ दाबून बसला होता, पण माणसं सगळी जिवंत होती. सुनयना उठली आणि दोन्ही हात पोटावर फिरवू लागली.

"काय गो?"

"आई, हलत नाही."

मिठाच्या ट्रकमधून दवाखान्यात पोचेपर्यंत तासभर गेला. तेवढ्या वेळात सखूने तीनदा विचारलं, तीनदा सुनयनाने नाही म्हणून मान हलवली. चौथ्यांदा सखूने विचारलं नाही.

वैशाली नर्सने लाकडी नळी पोटावर ठेवली, कान लावला. सरकवली. पुन्हा सरकवली.

"काय झालं, बाय?"

"बोलू नका हो, मावशी."

सखूने श्वाससुद्धा रोखला. तिच्या कोपरांतून रक्त फरशीवर ठिबकत होतं.

"आहेत ठोके," नर्स म्हणाली. "चांगले आहेत."

सुनयना रडायला लागली. सखू तशीच उभी. मग पदराने कान पुसून पुढे झाली.

"बाय, ती नली एकदा माज्या कानाला लाव."