उणे पलीकडं गेला की

"बाई, उत्तर आलं. पन असं का आलं?" मोबाईल माझ्या नाकापुढं धरून ती विचारायची. स्क्रीनवर तिच्या रंगाच्या बोटांचे ठसे असायचे.

पेणला आमच्या घराला लागून गणपतीचा कारखाना. तिथं ती मूर्तींचे डोळे आखायची. प्लास्टरच्या धुळीनं छाती भरलेली. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं. रोह्याला एका दवाखान्यात आयाची जागा होती, पण दहावी पास हवी. तिचं एकटं गणित राहिलं होतं, वीस वर्षांपासून.

गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारं ॲप भाचीनं तिला दिलं होतं. त्या पायऱ्या ती देखण्या अक्षरात उतरवायची. आकडे बदलले की अडायची.

"हा उणे बरोबरच्या चिन्हापल्याड जाऊन अधिक का झाला?"

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं हेच शिकवलेलं. म्हटलं, "होतो तसा. नियम आहे."

"व्हय, मोबाईल पन तेच सांगतो," म्हणून ती हसली. मला ते हसू फार लागलं.

तुम्ही कधी डोळे आखताना पाहिलंत? कारागीर श्वास रोखून धरतो. हिला आधी खोकला आवरावा लागे, मग रेघ. एकदा मी सहज विचारलं, दोन्ही डोळे सारखे कसे येतात गं? तिनं कान तुटलेलं मूर्तीचं एक मुंडकं आणून माझ्या हातात कुंचला दिला.

"आधी बुबुळ नाय काढायचं. वरची रेघ. का, तर नजर खाली मानसावर पडली पायजे."

अख्खी दुपार पुसून पुसून तिनं शिकवलं. माझा डोळा तिरळाच आला, पण का तिरळा आला ते मला समजलं.

तिला मात्र मी काही समजावू शकले नाही. परीक्षेच्या दारात शिपायानं तिचा मोबाईल काढून घेतला. निकालाच्या दिवशी ती आली, "यंदा पन गणितच, बाई," म्हणाली आणि वर माझेच डोळे पुसले. रोह्याची जागा दुसरीला गेली.

पुढं कितीतरी दिवसांनी मला नीट मांडता आलं: दोन्ही बाजूंना सारखंच मिळवायचं, म्हणजे अलीकडचा उणे जातो आणि पलीकडं अधिक दिसतो. कागद घेऊन मी धावतच कारखान्यात गेले. ती नाकाला रुमाल बांधून डोळे आखत होती.

"अगं, तो उणे..."

"ऱ्हाऊ द्या, बाई," मूर्तीवरची नजर न काढता ती म्हणाली. "होतो तसा."

मग कुंचला बाजूला धरून, तोंड फिरवून ती कितीतरी वेळ खोकत राहिली.